बिब्याचा आळ

भिवराबाईनं सुनेच्या पोटऱ्या पाहिल्या आणि हातातला शेणाचा गोळा तसाच ओसरीवर टाकला.

कडूबाई ओणवी होऊन अंगण सारवत होती. लुगडं वर खोवलेलं. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत बारीक लाल ठिपके उठले होते, कुणी कुंकवाच्या पाण्यात कुंचा बुडवून झटकावा तसे. गुडघ्याच्या मागं तळहाताएवढा एक डाग होता, पिकल्या जांभळाच्या रंगाचा.

"ह्ये कवा झालं?"

कडूबाईनं लुगडं खाली ओढलं. "काय न्हाई आत्याबाई. बाजेला लागलं आसंल."

"बाजेला लागल्यावर ठिपके येत्यात व्हय गं? त्वांड उघड."

तिनं तोंड उघडलं. दातांच्या मुळाशी रक्ताची रेघ होती.

भिवराबाईचा पहिला हात गेला तो सुनेच्या काखेत. मग दुसऱ्या काखेत, मग जांघेत. गाठीच्या रोगात सगळी वाडी शेतात पालं ठोकून राहिलेली तिनं पाहिली होती, आणि त्या पालातून तिचा थोरला परत आला नव्हता. गाठ लागली नाही. तेव्हा तिनं श्वास सोडला आणि दुसऱ्या भीतीनं तिला धरलं. ती तशीच शेणाच्या हातानं गोठ्यात गेली.

"बंकट, खरं सांग. हात उचलतुस का तिच्यावर?"

बंकट बैलांपुढं कडबा टाकत होता. त्यानं पेंढी खाली ठेवली. "माय, तुजी आन. म्या तर तिला हात लावायला बी भेतो. परवा वढ्यातून वर घेताना नुसतं मनगट धरलं, तर दुसऱ्या दिशी बांगडी भरल्यावानी काळं वळं."

"मंग मला कावून सांगितलं न्हाई?"

"काय सांगू? तू मलाच इचारलं आसतं. आता इचारलंच की."

हे दिवाळीपासून चाललं होतं. मध्ये एकदा सासरा, आश्रुबा, सुनेला घेऊन बीडला गेला होता. हकिमानं नाडी धरली, जीभ पाहिली, "खून में गर्मी है," म्हणाला. डाळिंबाच्या सालीचा काढा दिला आणि एवढ्यानं भागलं नाही तर रग, म्हणजे शीर, उघडून खराब रक्त काढावं लागेल, असं सांगितलं. आश्रुबाला निम्मं कळलं, निम्मं तो वाटेत विसरला. लक्षात राहिलं ते एकच : नासलेलं रक्त काढलं की पोर बरी होते. काढ्यानं कधी हिरड्या थांबायच्या, कधी नाही.

आणि त्याहून वाईट ते महिन्याचं. कावळा शिवला की बायका बाजूला बसतात आणि न्हाऊन घरात येतात. कडूबाईचं थांबायचंच नाही. गोठ्याच्या कोपऱ्यात गोणपाटावर ती पंधरा पंधरा दिवस बसायची, बैलांच्या मुताच्या वासात, अंगावर पांढुरकी कळा घेऊन. दळण, पाणी, भाकरी सगळं म्हातारीवर. पाणवठ्यावर वच्छलाबाई म्हणाली होती, "भिवरे, तुज्या सुनंचा कावळा उडून जातच न्हाई की गं! घरटं बांधलंय का त्यानं?" सगळ्या हसल्या होत्या. भिवराबाईही हसली होती. न हसून सांगते कुणाला.

ज्वारी काढणीला आली. आणि देशमुखाचा कारभारी सुंदरराव तट्टावरून वाडीत आला. घरापुढं आला तरी खाली उतरला नाही.

"उंद्यापासून वेठ. घरटी एक बाई. देशमुखाची जवारी उपटायची हाय."

"म्या येते," भिवराबाई म्हणाली.

"तू? एक ताट उपटशील आन तीनदा कंबर धरशील. सून पाठव."

आश्रुबानं हात जोडले. "मालक, पोर आजारी हाय."

"सुगी आली की समद्या वाडीच्या सुना आजारी पडत्यात बे आश्रुबा. सुगी सरली की बऱ्या. लई हुशार रोग हाय." सुंदररावानं तट्टाला टाच मारली. जाता जाता वळून म्हणाला, "रान कुनाचं कसतूस ते ध्यानात ठिव."

रान देशमुखाचं. विहीर देशमुखाची. बांधावरच्या बाभळीची शेंगसुद्धा देशमुखाची. ज्याचं सगळंच दुसऱ्याचं आहे त्यानं आपल्या सुनेचं अंग तेवढं आपलं म्हणायचं, हे कुणाला खपणार?

माघातली सकाळ होती. पात्यांवर दव होतं आणि दवात ज्वारीचं पातं सुरीसारखं चालतं. बायका ओळीनं उभ्या राहिल्या. ताट मुळाशी दोन्ही हातांनी धरायचं, पाय रोवायचे, कमरेतून झटका द्यायचा. काळी भुई तडकलेली, पण मूळ सोडत नाही. बोलावलेलं नसताना भिवराबाई आली होती. सुनेच्या पातीला, तिच्या वाट्याच्या ओळीला, लागून उभी राहिली आणि सुनेच्या वाटणीची ताटंही ती उपटत होती.

ऊन डोक्यावर यायच्या आत कडूबाईच्या तळहातांवर काळ्या द्राक्षांसारखे फोड आले. त्यांत पाणी नव्हतं, रक्त होतं. कोपरापर्यंत पात्यांचे ओरखडे. दुसऱ्या बायकांचे ओरखडे पांढरे पडून वाळले. हिचे ओले राहिले. ते कुणाला दिसू नयेत म्हणून ती हात पदरात पुसत होती आणि पदर भिजत चालला होता.

"बस खाली," भिवराबाई हळूच म्हणाली.

"बसले तर बघंल त्यो."

ओणवी झाली तशी नाकातून धार लागली. समोर पेंढी होती. पांढऱ्या शुभ्र कणसांवर टपटप लाल पडलं.

"अगं बाई!" वच्छलाबाई मागं सरली. "देशमुखाच्या दान्यावर रगत!"

सुंदरराव बांधावरून उठून आला. त्यानं आधी कणसं पाहिली. मग कडूबाईकडं पाहिलं, तिच्या दंडावरचे काळे डाग पाहिले आणि हसला.

"बिबा!"

"काय मालक?" भिवराबाईला कळलं नाही.

"बिबा फासलाय हिनं. मागल्या साली पाली गावच्या दोघींनी ह्येच केलतं. बिब्याचं तेल लावायचं, कातडं काळं करून घ्यायचं, अन् वेठीतून सुटायचं. मला येडा समजती व्हय?"

"न्हाई वो," कडूबाई पदरानं नाक दाबून म्हणाली. "आपसूक येतंय. खंडोबाची आन."

"बघू की आपसूक."

त्यानं तिचा दंड धरला. करकचून धरला आणि दुसऱ्या हातानं ढेकूळ घेऊन त्या डागावर घासायला लागला. बायका बघत राहिल्या. परक्याच्या बायकोचा दंड धरलेला बघायची त्यांना सवय नव्हती असं नाही. कडूबाईनं ओरडायचं ते दातात धरलं. ढेकूळ फुटलं, माती झाली, डाग तसाच.

"निघंना. बघा!" सुंदरराव म्हणाला. "बिबा निघतच नसतो."

"निघालं आसतं तर रंग म्हनला आसतास," भिवराबाई बोलून गेली.

सुंदररावानं दंड सोडला. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "उंद्या चावडीवर आना हिला. तुंबडीवाली बोलावतो, रगत काडून बघू. रगत नासलं आसंल तर काळं निघंल. काळं निघालं तर सुटली. लाल निघालं तर वरीसभर वेठ, अन् रान दुसऱ्याला."

रात्री चुलीपुढं म्हातारी भाकरी थापत होती आणि तिघं खात होते. खात होते म्हणायचं. कडूबाई भाकरीचा पोपडा दुधात बुडवून हिरड्या चुकवत गिळत होती.

"आत्याबाई, मला कापू देऊ नका."

तिनं भाकरी खाली ठेवली.

"कार्तिकात पायात बाभळीचा काटा मोडला व्हता. एवढासा काटा. काडला तवा दिवस मावळत व्हता. सकाळी उठले तर वाकळ वली. माजं थांबत न्हाई वो. दुसऱ्याचं थांबतं, माजं न्हाई."

"आगं, ते नासलेलं व्हतं म्हून आलं," आश्रुबा समजुतीनं म्हणाला. तो खरंच समजुतीनं म्हणाला. तिला तो लेकीसारखा मानायचा. "हकीम बी ह्येच बोलला. खराब हाय ते निघून गेल्याबिगर चांगलं कुठून यील? हिरीतला गाळ काडतोच की आपुन. एकदा काडलं म्हंजी तू मोकळी."

"मामंजी, गाळ काडताना हीर मरत न्हाई."

बंकट विळ्याची धार बोटानं बघत होता. "मांजरसुंब्याचा घाट उतरून जावं कुटं तरी," तो म्हणाला.

"बैलं घिऊन का सोडून?" भिवराबाईनं विचारलं.

बंकटनं विळा आढ्याला खोचला.

"मला माहेरी घाला मंग," कडूबाई म्हणाली.

"आन तितं तुजा भाऊ तुजं अंग बघून काय म्हनंल? आमी मारलं म्हनंल. गावभर म्हनंल." भिवराबाई चिडून बोलली, आणि मग तिला दिसलं की सून तिच्याकडं बघत नाही, तिच्या हाताकडं बघते आहे. म्हातारीच्या हातात भाकरी थापायचा पिठाचा गोळा होता आणि ती तो कधीची नुसताच दाबत होती.

"म्या हाय ना," ती म्हणाली. काय आहे ते तिलाही ठाऊक नव्हतं.

सकाळी कडूबाईला चोळी घालताना भिवराबाईचे हात थांबले. काल सुंदररावानं धरलेल्या दंडावर पाच बोटं उठली होती. चार एका बाजूला, एक दुसऱ्या बाजूला. काळीनिळी, स्पष्ट, जणू कुणी कोळसा लावलेला पंजा भिंतीवर उमटवावा. म्हातारीनं एकेक बोट मोजलं. मग म्हणाली, "बाही वर ऱ्हाऊ दे."

चावडीपुढं माणसं जमली होती. तुंबडीवाली बायनाबाई ओढ्याकाठच्या पालातून आलेली. पुढ्यात कापडावर शिंगं, मेणाचा गोळा आणि वस्तऱ्याचं तुटकं पातं मांडून बसली होती. सुंदरराव खाटेवर होता.

भिवराबाई सुनेला धरून सरळ मधे गेली. तिनं सुनेचा दंड सगळ्यांपुढं धरला.

"बघा रे बाप्पांनो! ह्यो बिबा हाय का? ही पाच बोटं कंच्या बिब्याची? काल कुनी धरला व्हता ह्यो दंड, समद्या बायांनी बघितलंय. हिच्या अंगावर कुनी नुसता हात टाकला तरी साक्ष ऱ्हाती. आता म्हना बिबा!"

माणसं पुढं वाकली. एक म्हातारा डोळे बारीक करून म्हणाला, "आन ह्ये चौकोनी काय हाय?"

"आंगठी!" मागून कुणीतरी ओरडलं. "कारभाऱ्याची आंगठी बी उमटलीया! शिक्काच मारलाय की बे!"

हशा झाला. एवढा मोठा हशा त्या चावडीनं कारभाऱ्यासमोर कधी ऐकला नव्हता. भिवराबाईला वाटलं, सुटली पोर.

तिचं चुकलं. माणसाला खोटं पाडलं तर तो एखाद वेळ गप्प बसतो. त्याच्यावर हसलं तर तो गप्प बसत नाही, आणि हातात सत्ता असली तर मुळीच नाही. सुंदररावाचा चेहरा काळा पडला. त्यानं अंगठीचा हात पाठीमागं घेतला.

"लाव तुंबडी," तो म्हणाला. "बघतीस काय? लाव!"

"मालक, साक्ष दिसली की..." भिवराबाई म्हणाली.

"म्हातारीला बाजूला घ्या. आश्रुबा, तुज्या बायकूला धर. न्हाईतर औत आनून दे माज्या दारात आजच."

आश्रुबानं बायकोचा हात धरला. बंकट पुढं झाला, तसे देशमुखाचे दोन गडी त्याच्या समोर येऊन उभे राहिले. नुसते उभे राहिले. तो थांबला. त्या थांबण्यावर पुढं त्यानं कधी तोंड उघडलं नाही.

कडूबाई खाली बसली. "मावशे," ती बायनाबाईला म्हणाली, "थोडंच काप."

"मुंगी चावल्यावानी बाय. भिऊ नगस."

बायनाबाईनं पोटरीवर पात्यानं दोन बारीक चिरा मारल्या. त्यावर शिंग ठेवलं, वरच्या भोकाला तोंड लावून गाल आत जाईपर्यंत ओढलं आणि जिभेनं मेण सारून भोक बंद केलं. शिंग कातड्याला चिकटलं. कडूबाईनं डोळे मिटले. थोड्या वेळानं बायनाबाईनं शिंग काढून मातीत ओतलं.

लाल. लाल आणि पातळ.

"लाल हाय!" सुंदरराव उठून उभा राहिला. "बघा समद्यांनी! काळं कुटं हाय? ढोंग! वरीसभर वेठ!"

कुणी हसलं नाही. सगळे पोटरीकडं बघत होते. शिंग काढलं होतं तरी चिरांतून रक्त येतच होतं. धार नव्हती. नुसतं येत होतं, सावकाश, डोळ्यांतून पाणी यावं तसं, घोट्यावरून, टाचेवरून, मातीत. बायनाबाईनं राख दाबली. राख लाल झाली. हळद दाबली. हळद वाहून गेली. तंबाखू चावून लावली. तिनं इकडंतिकडं पाहिलं.

"हिचं थांबंना वो," ती हळूच म्हणाली. तिनं शिंगं कापडात गुंडाळली, उठली आणि ओढ्याकडं चालती झाली. पालाशी पोचेपर्यंत तिनं मागं पाहिलं नाही.

"थांबंल," सुंदरराव म्हणाला. आणि तट्टावर बसला.

मग चावडी रिकामी व्हायला लागली. बाई चावडीवर मेली तर पंचनामा होतो, साक्षीला बीडला जावं लागतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. रक्त नासतं का, ते का थांबत नाही, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पण साक्षीपासून पळायचं कसं ते शेंबड्या पोरालाही शिकवावं लागत नव्हतं.

आश्रुबाच्या हातातून सुटून भिवराबाई सुनेच्या पायाशी बसली. लुगड्याचा सोगा फाडला, घडी केली, चिरांवर ठेवली आणि वर अंगठा रोवला. अंगातला सगळा भार अंगठ्यावर टाकला. घडी भिजली आणि तेवढ्यावरच थांबली. तिनं जरा अंगठा उचलून पाहिला. लगेच कडेनं लाल आलं. तिनं अंगठा पुन्हा दाबला.

"आत्याबाई, म्या मरते का?"

"गप."

"मला गार लागतंय."

"गप म्हनलं ना."

वच्छलाबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली होती. पाणवठ्यावर हसणारी तीच. तिनं कडूबाईचं डोकं मांडीवर घेतलं आणि पाणी पाजलं.

बंकट पळत जाऊन बाज घेऊन आला. कडूबाईला उचलून बाजेवर ठेवलं. बाप पुढं, लेक मागं. आणि बाजेच्या कडेनं भिवराबाई कमरेत वाकून, सुनेच्या पोटरीवर अंगठा रोवून, तिरकी तिरकी चालत राहिली. वाट देशमुखाच्या रानाच्या कडेनं जात होती. उपटणाऱ्या बायका उभ्या राहिल्या. त्यांना आधी वाटलं, म्हातारी बाजेला धरून रडते आहे. ती रडत नव्हती. तिला रडायला हात मोकळा नव्हता.

घरी बाज ओसरीवर ठेवली. भिवराबाई जमिनीवर बसली, हात वर, अंगठा तसाच. दिवस कलला. बैलं हंबरली, त्यांना बंकटनं पाणी दाखवलं. खांद्यापासून मनगटापर्यंत म्हातारीचा हात आधी दुखला, मग जळला, मग तो तिचा राहिलाच नाही. "म्या धरतो," बंकट म्हणाला. तिनं मान हलवली. बदलताना मधे जो एक क्षण जाईल, तेवढ्याचीच तिला भीती होती.

आश्रुबा भाकरी आणि कोरड्यास घेऊन तिच्याजवळ बसला. तुकडा मोडला, कालवला आणि तिच्या तोंडाशी नेला. तिनं त्याच्याकडं पाहिलं.

"सारी उमर गेली. आज घास भरवतूस व्हय रे?"

"खा."

"गाळ काडला ना हिरीतला?"

आश्रुबाचा हात तिच्या तोंडापाशी तसाच राहिला. त्याच्या दाढीतून पाणी ओघळत होतं. तिनं घास घेतला.

रात्रभर ती सुनेचा श्वास ऐकत बसली. श्वास लांबला की पायाला हिसका द्यायची. "हाय का?" "हाय आत्याबाई." एवढंच बोलणं.

तांबडं फुटलं तेव्हा कडूबाईनं स्वतःहून पाणी मागितलं. भिवराबाईनं अंगठा उचलायचा म्हटलं, तर तो उचलेना. आश्रुबानं गोडं तेल कोमट करून चोळलं आणि एकेक पेर सोडवलं. घडीखाली काळी खपली धरली होती. भिवराबाईनं डोळे मिटूनच विचारलं, "येतंय का?"

"न्हाई," बंकट म्हणाला. "माय, न्हाई येत."

हे सगळं सांगून कडूबाई बरी झाली असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. ती मेली नाही, एवढंच झालं. ठिपके यायचे, जायचे, पुन्हा यायचे. सुंदररावानं रान काढून घेतलं नाही, कारण त्या खडकाळ तुकड्याला दुसरा गडी मिळत नव्हता. वेठ मात्र सोडली नाही. ती भिवराबाई करायची. म्हातारी नको, असं सुंदरराव परत म्हणाला नाही. तिच्या पातीकडं तो फिरकतच नसे, आणि बोटात अंगठीही नसे. म्हातारीचा अंगठा पुन्हा सरळ झाला नाही. मुडपलेल्या अंगठ्यानं ज्वारीचं ताट धरता येत नाही, म्हणून ती चार बोटांत पिळा देऊन उपटायची.

घरात काही गोष्टी बदलल्या, त्या कुणी ठरवल्या नाहीत. काट्याकुट्याला कडूबाई जात नसे. कावळा शिवला तरी तिचं गोणपाट गोठ्यातून आतल्या खोलीत आलं. बाटलं तर बाटलं, म्हातारी म्हणाली, पांडुरंगाला काय ते माझं नाव सांगा. पाव्हणे बंकटच्या दुसऱ्या लग्नाचं काढायचे. भिवराबाई म्हणायची, "करा की. पर आधी त्या नवरीला बसवून इचारा, सासूचा एकच अंगठा धड हाय, चालंल का?"

आणि रोज सकाळी, दळणाला बसायच्या आधी, ती सुनेला उंबऱ्यात उभी करायची, जिथं पहिला उजेड पडतो तिथं.

"वर घे."

कडूबाई लुगडं गुडघ्यांपर्यंत उचलायची. पाय स्वच्छ असले की म्हातारी खेकसायची, "उबी काय ऱ्हाईलीस? काम न्हाई व्हय?" त्या खेकसण्याची कडूबाई रोज वाट बघायची.

पुढल्या सुगीत देशमुखाच्या निरोप्यानं सकाळीच हाळी दिली, "घरटी एक बाई होऽ!" भिवराबाईनं सुनेला उंबऱ्यात घेतलं. वाकून पाहिलं. घोट्यांपासून गुडघ्यांपर्यंत पुन्हा कुंकवाचा कुंचा झटकलेला. मागल्या सालापेक्षा दाट.

ती वाकलेलीच राहिली. उठायला वेळ लागला.

"हाय का काय आत्याबाई?" कडूबाईनं वरूनच विचारलं. तिची खाली बघायची हिंमत नव्हती.

भिवराबाईनं लुगड्याचा काठ हातानं खाली ओढला, नीट, घोट्यांपर्यंत.

"काय न्हाई," ती म्हणाली. "उबी काय ऱ्हाईलीस?"

आणि डोक्याला फडकं बांधून रानाकडं निघाली.